इंजिन उघडण्याआधी आकडा मागा

(महिला कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय वाचून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. काल दिवसभर आपण कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोललो, आणि आज सकाळी मध्येच ‘इंजिनचं कॉम्प्रेशन आणि गॅरेजवाले’ हे काय? हसलात ते बरंच झालं. पण आपल्यातल्या किती संस्थांकडे गाडी आहे, हात वर करा बघू. व्हॅन, जीप, सहाआसनी, काहीही. बरेच हात आहेत. आता, गॅरेजमध्ये गाडी नेल्यावर मिस्त्री जे सांगतो ते खरं की खोटं हे ज्यांना कळतं, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, दोनच राहिले. म्हणून हा विषय.

आमच्या संस्थेची एक जुनी व्हॅन आहे. आठ माणसं बसतील अशी, तीन सिलिंडरची. घेतली तेव्हा पेट्रोलवर होती, पुढे खर्च परवडेना म्हणून सीएनजी किट बसवलं. ती मीच चालवते. दिवसा तिच्यातून बचत गटाच्या बायका, पुस्तकं, सतरंज्या जातात. रात्री फोन आला तर तिच्यातूनच आपण पोलीस ठाण्यात किंवा सरकारी दवाखान्यात जातो. म्हणजे ही गाडी हा आमच्या कामाचा एक पायच आहे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ती लंगडायला लागली. सकाळी सुरू होताना वेळ घ्यायची, सिग्नलला उभी असताना थरथरायची, चढावर पिकअप नसायचा. मी म्हटलं, वय झालं असेल. आपण बायका स्वतःच्या दुखण्याबद्दलही असंच म्हणतो. मग एका रात्री एका बाईला आणि तिच्या दोन मुलांना सासरच्या गावाहून आणत होतो. तिच्या डोक्याला खोक पडलेली. घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी पहिल्या गिअरमध्येही चढेना. मागे घेत घेत खाली आणली आणि पहाटेच्या एसटीपर्यंत आम्ही पाचजणं गाडीत बसून राहिलो. मागून कोणी येतंय का, म्हणून ती बाई सारखी काचेतून पाहत होती. त्या रात्री मला माझीच लाज वाटली. तीन आठवडे गाडी सांगत होती, आणि मी ऐकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेले. मालकाने इंजिन चालू ठेवूनच ऑइल भरायचं झाकण उघडलं. तिथून थोडा धूर आला. तो म्हणाला, ‘‘बघा, धूर मारतंय. रिंग-पिस्टन गेले. फुल इंजिन काम. अडतीस हजार.’’ मी विचारलं, कशावरून? तर म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्हाला सांगून काय कळणार? साहेबांना पाठवा.’’ आमच्याकडे साहेब कोणी नाहीत, असं म्हटल्यावर त्याने दुसरा पर्याय दिला : ‘‘मग विकून टाका. गिऱ्हाईक मी देतो, चाळीस हजाराचं.’’

कार्यकारिणीची बैठक झाली. अडतीस हजार म्हणजे आमच्या सल्ला केंद्राचा जवळजवळ तीन महिन्यांचा खर्च. विकून टाकावी असंच बहुमत होत होतं. एकजण म्हणाली, ‘‘माझ्या मेहुण्याला विचारते.’’ आणि तेव्हा मला राग आला. मेहुण्यावर नव्हे, आपल्यावर. वकिलाने बाईला ‘सही कर, तुला कळणार नाही’ म्हटलं तर आपण त्याला धारेवर धरतो. डॉक्टर तपासणी न करता ‘पिशवी काढून टाका’ म्हणतात, तेव्हा आपण मोर्चा काढतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. बाईचं शरीर आणि गाडीचं इंजिन यांची बरोबरी मी करत नाही. पण बोलण्याची ती तऱ्हा ओळखीची आहे : तपासणी दाखवायची नाही, भीती घालायची, सगळ्यात मोठं आणि महाग काम आधी सुचवायचं, आणि प्रश्न विचारला की ‘घरच्यांना पाठवा’ म्हणायचं. तिथे आपण जे विचारतो, तेच इथे विचारायचं. तपासणी कुठली केली? आकडा किती आला?

आता तो आकडा म्हणजे काय ते सांगते.

इंजिनच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो. खाली जाताना हवा आणि इंधन आत ओढतो आणि वर येताना ते मिश्रण दाबतो. पेट्रोल इंजिनात ते साधारण नऊ-दहा पटीने दाबलं जातं, मग प्लगची ठिणगी पडते आणि जोर मिळतो. या दाबण्याला कॉम्प्रेशन म्हणतात. दाब झाला नाही तर ठिणगी कितीही चांगली पडो, जोर येत नाही. किकची स्कूटर चालवलेल्यांना हे पायाने ठाऊक आहे. चांगल्या गाडीची किक पायाला अडते. एकदम मोकळी गेली की समजायचं, आत दाब धरत नाही.

दाब जातो कुठे? स्वयंपाकघरातलं उदाहरण देते, रागावू नका. ते आपल्याला येतं म्हणून देते. कुकरला वाफ धरत नसेल तर आपण नवा कुकर आणतो का? आधी रिंग बघतो, मग शिट्टी बघतो, मग झाकण नीट बसलंय का बघतो. इंजिनमध्येही दाब गळण्याच्या जागा मुख्यतः तीनच. एक, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत. दोन, व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण आत घेण्याची आणि धूर बाहेर सोडण्याची दारं. तीन, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण आणि खालचा भाग यांच्यामधली पट्टी. चौथी गोष्ट गळतीची नाही, वेळेची आहे : टायमिंग बेल्टचे दात सरकले तर दारं चुकीच्या वेळी उघडतात आणि सगळ्याच सिलिंडरचा दाब पडतो. या चारांपैकी फक्त पहिल्या दुखण्याला फुल इंजिन काम लागतं. बाकीच्या तिन्हींना सहसा त्याहून पुष्कळ कमी खर्च येतो. म्हणून नेमकं कुठलं दुखणं आहे हे कळण्यावर हजारो रुपये अवलंबून असतात.

आणि तो झाकणातून येणारा धूर? जुन्या कुठल्याही इंजिनाचं झाकण चालू असताना उघडलं तर थोडी वाफ, थोडा धूर येतोच. खूप जोराने भकभक येत असेल तर रिंगांची शंका घ्यावी. पण ती शंकाच. तेवढ्यावर अडतीस हजार ठरत नाहीत.

मी दुसऱ्या गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे गाडी नेली. त्यांचं गॅरेज म्हणजे चिंचेखाली पत्र्याची शेड. त्यांनी आधी काय केलं असेल, तर मलाच प्रश्न विचारले. थरथर थंड असताना जास्त की गरम झाल्यावर? धूर कुठल्या रंगाचा? ऑइल किती किलोमीटरला किती कमी होतं? पाणी कमी होतं का? मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत, कारण आम्ही वहीच ठेवत नव्हतो. ही आपली चूक. पाहुण्यांच्या चहाचा हिशोब आपण ठेवतो, पण गाडीच्या ऑइलचा नाही.

मग त्यांनी स्वस्तातल्या गोष्टी आधी पाहिल्या. एअर फिल्टर पाहिला. मधल्या, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचा प्लग काढून एक नंबरला लावला. तरी मिसिंग दोन नंबरलाच राहिलं. म्हणजे दोष प्लगचा नाही. मग त्यांनी कॉम्प्रेशन गेज काढलं. दिसायला टायरची हवा तपासायच्या घड्याळासारखं, खाली नळी असते, ती प्लगच्या भोकात आटे फिरवून बसवतात.

तपासणीची रीत नीट ऐका, कारण चुकीच्या रीतीने घेतलेला आकडाही खोटाच असतो. इंजिन गरम असावं. सगळे प्लग काढावेत, एकच नव्हे. इग्निशनची वायर आणि इंधन बंद करावं, सीएनजीचा कॉक बंद. बॅटरी चार्ज असावी. एकीने आत बसून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा, नाहीतर हवाच आत जात नाही आणि आकडा उगाच कमी येतो. मग सेल्फ मारायचा, गेजचा काटा पाच-सहा टप्प्यांत चढून थांबेपर्यंत. आकडा लिहायचा. असं प्रत्येक सिलिंडरला.

आमचे आकडे आले : पहिला अकरा, दुसरा सहा, तिसरा साडेअकरा. हे किलो दर चौरस सेंटिमीटरमध्ये. पेट्रोल गाडीत साधारण दहा ते तेरापर्यंत आकडा निरोगी समजतात, नेमका आकडा त्या त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळ असायला हवेत. दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तिथे दुखणं आहे.

पुढची पायरी ही सगळ्यात उपयोगाची. काकांनी दोन नंबरच्या भोकातून चहाचा एक चमचाभर इंजिन ऑइल आत सोडलं आणि पुन्हा आकडा घेतला. याला ओली तपासणी म्हणतात. ऑइल रिंगांच्या भोवती जाऊन तिथली गळती काही क्षण बुजवतं. रिंगा झिजल्या असतील तर आकडा चांगलाच चढतो, सहाचा नऊ होतो. रिंगा ठीक असतील आणि गळती व्हॉल्व्हमधून असेल तर ऑइलने काही फरक पडत नाही. आमचा आकडा सहाचा सव्वासहा झाला. काका माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘रिंगा शाबूत आहेत, ताई. वरचं दुखणं आहे.’’ पाच मिनिटांत आणि एका चमचाभर तेलात अडतीस हजारांचं निदान खोटं ठरलं होतं.

शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले तर मधल्या गॅस्केटची शंका घ्यायची. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येतात का, ऑइल दुधाळ झालंय का, हे तेव्हा बघायचं. सगळेच सिलिंडर सारखे कमी आले तर आधी तपासणीच चुकली नाही ना ते बघायचं, मग टायमिंग बेल्ट, आणि मगच झीज. ज्यांच्याकडे हवेचा कॉम्प्रेसर आहे ते आणखी एक करतात : त्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या टप्प्यात अगदी वर आणून, दोन्ही दारं बंद असताना, प्लगच्या भोकातून हवा सोडतात आणि कान लावतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर धुराचा व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर आतला व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. हे ऐकायला कुठली पदवी लागत नाही.

डिझेल जीपवाल्यांसाठी एक सूचना. डिझेलचा दाब बराच जास्त, पंचवीस ते पस्तीसच्या आसपास, त्यामुळे त्याचं गेज वेगळं असतं. आणि डिझेल इंजिनात ओली तपासणी करू देऊ नका. तिथे जागा इतकी कमी असते की ऑइलने आकडा फसवा येतो आणि इंजिनला इजाही होऊ शकते.

तर आमचं दुखणं व्हॉल्व्हचं. का झालं? सीएनजी कोरडा जळतो. व्हॉल्व्ह ज्या बैठकीवर आपटत बंद होतो, ती बैठक त्यामुळे लवकर झिजते. व्हॉल्व्ह हळूहळू आत रुतत जातो आणि टॅपेटमध्ये जी बारीक फट ठेवलेली असते ती नाहीशी होते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, केसभर उघडाच राहतो, आणि तिथून जाणाऱ्या आगीने त्याची कड जळते. काकांनी फिलर गेजची पातळ पट्टी घालून दाखवली, ती आत जाईचना. ते म्हणाले, ‘‘टॅपेट वाजायला लागलं की लोक धावत येतात. पण वाजणारं टॅपेट बरं, ताई. गप्प झालेलं टॅपेट इंजिन जाळतं.’’ हे वाक्य मी तेव्हापासून बऱ्याच बैठकांत सांगितलंय. बायका बरोबर अर्थ घेतात.

टॅपेट जुळवल्यावर आकडा साडेआठपर्यंत आला. म्हणजे कड थोडी जळलेलीच होती. हेड उतरवलं, एक व्हॉल्व्ह नवा घातला, बैठक कापून घेतली, बाकीचे घासून बसवले, गॅस्केट नवं. बसवण्याआधी हेड उलटं ठेवून वरून रॉकेल ओतून दाखवलं, एक थेंबही खाली गळला नाही. पुन्हा गेज लावलं : अकरा, अकरा, साडेअकरा. सगळं मिळून सहा हजार आठशे रुपये, पावतीसकट. आज ती व्हॅन बाहेर उभी आहे. काल तुमच्यातल्या सहाजणी तिच्यातूनच आल्यात.

आता कोणी म्हणेल, तुम्हाला चांगला माणूस भेटला. खरं आहे. आणि पहिला गॅरेजवाला लबाडच होता, असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कदाचित त्याच्याकडे गेजच नसेल, सगळ्याच गाड्यांना तो तेच सांगत असेल. गॅरेजमधली माणसंही कष्टकरी आहेत. तिथली पोरं शाळा सोडून आलेली असतात, दिवसभर पेट्रोलमध्ये हात बुडवून कातडी सोलून घेतात. आपलं भांडण त्यांच्याशी नाही. आपलं म्हणणं एवढंच की काम आमच्यासमोर तपासून, आम्हाला समजेल असं सांगून, कागदावर लिहून झालं पाहिजे. बाई समोर असली तरी.

याची रीत आम्ही बसवली आहे, ती सांगते.

पहिलं : गॅरेजमध्ये लक्षण सांगायचं, इलाज नाही. ‘इंजिन काम करून द्या’ म्हटलं की तो करून देतोच. त्याऐवजी ‘थंड असताना थरथरते, खंबाटकी चढताना दुसऱ्या गिअरमध्ये जीव जातो, एक हजार किलोमीटरला इतकं ऑइल लागतं’ असं सांगायचं. त्यासाठी वही हवी. आमच्या वहीत आता तारीख, किलोमीटर, इंधन, ऑइल, पाणी आणि कोणी काय दुरुस्त केलं, हे सगळं असतं.

दुसरं : इंजिन उघडण्याआधी आकडा मागायचा. कोरडा आणि ओला, प्रत्येक सिलिंडरचा, आपल्यासमोर, लिहून. गेज नाही म्हणाले तर नमस्कार करून दुसरीकडे जायचं. त्या तपासणीचे पैसे जरूर द्यायचे, फुकट कोणाचे श्रम नकोत.

तिसरं, आणि हे नीट लक्षात ठेवा : इंजिन एकदा उघडून परातीत पडलं की आपला दुसरं मत घेण्याचा मार्ग बंद होतो. तोवर गाडी आपल्या ताब्यात असते, त्यानंतर नसते. म्हणून निर्णय उघडण्याआधी. जॉब कार्डवर लिहून घ्यायचं : काम कोणतं, अंदाजे खर्च किती, गाडी किती किलोमीटरला दिली, आणि ‘यापुढचं काम विचारल्याशिवाय करायचं नाही, जुने भाग परत द्यायचे’. जुने भाग पिशवीत घालून आणायचे. जळका व्हॉल्व्ह आमच्या कपाटात ठेवला आहे, इथे फिरवते, हात लावून बघा. ती कड कशी खाल्ली गेली आहे ती दिसेल.

चौथं : रिंग-पिस्टन खरंच गेले असतील तर तेही मान्य करायचं. पण तेव्हाही विचारायचं, बोअर मोजला का? किती झिजलाय? गोल आहे की अंडाकृती? अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालून ‘हाफ इंजिन’ करून दिलं तर पैसे वाया जातात, काही महिन्यांत पुन्हा तेच.

पाचवं कायद्याचं. पक्कं बिल घ्यायचं. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा आला, तो २०२० च्या जुलैपासून लागू आहे. दिलेल्या सेवेचं बिल न देणं हीच त्यात अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. चुकीचं काम केलं, न केलेल्या कामाचे पैसे घेतले, तर ती सेवेतली त्रुटी. आधी लेखी पत्र द्यायचं, पोच घ्यायची. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जायचं. पाच लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. पण पुरावा लागतो : जॉब कार्ड, बिल, जुने भाग आणि दुसऱ्या मिस्त्रीचा लेखी अहवाल. आपल्यातल्या ज्या बायका स्वतःची रिक्षा चालवून पोट भरतात, त्यांनी ‘हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही’ या उत्तराने परत फिरू नये. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी स्वतः वापरणारी व्यक्ती कायद्याने ग्राहकच आहे.

एक सावधगिरीही सांगते. १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम १७० प्रमाणे, केलेल्या कामाची योग्य मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क गॅरेजला आहे. त्यामुळे ‘पैसे देत नाही, गाडी द्या’ अशी हमरीतुमरी करू नका. ज्या रकमेबद्दल वाद आहे ती ‘तक्रार राखून’ असं बिलावर लिहून भरा, गाडी सोडवा आणि मग लढा. गाडी बाहेर असली की आपलं कामही थांबत नाही.

शेवटचं : गॅरेजमध्ये दोघींनी जायचं. दादागिरीची भीती म्हणून नव्हे. एक बोलते तेव्हा दुसरी लिहिते म्हणून. वही उघडली की समोरच्याचं बोलणं आपोआप नेमकं होतं. आणि ‘साहेबांना पाठवा’ म्हटलं, तर रागावू नका, शांतपणे म्हणा, ‘‘गाडी मी चालवते. मलाच सांगा.’’

त्या पहिल्या गॅरेजमध्ये मी नंतर एकदा गेले होते, टायरचं काम होतं. मालकाने व्हॅन ओळखली. म्हणाला, ‘‘अजून चालतेय?’’ मी वहीतले आकडे दाखवले. त्याने ते दोनदा वाचले. काही बोलला नाही. पण आमच्या गावातल्या एका अंगणवाडी ताईची स्कूटर मध्यंतरी तिथे गेली होती, ती सांगत होती की तिला त्याने गेज लावून आकडा सांगितला. न मागता. कारण काय असेल ते असो, पुढच्या बाईला प्रश्न विचारायच्या आधी उत्तर मिळालं, हे मला पुरेसं आहे.

संस्थेने आता स्वतःचं एक कॉम्प्रेशन गेज आणि फिलर गेज घेतलं आहे. ज्या गटाला हवं असेल त्याने न्यावं, वापरावं, परत आणावं. पण वापरायला यायला हवं. म्हणून भाषण इथे थांबवते. उद्या सकाळी साडेआठला व्हॅनची पुढची सीट उचललेली असेल, खाली इंजिन असेल. तिघीतिघींचे गट करू : एकीने प्लग काढायचे, एकीने सेल्फ मारायचा, एकीने आकडा लिहायचा, मग जागा बदलायच्या. जुने कपडे घालून या. हात काळे होतील, ते रॉकेलने निघतात.